सम्राटाचं निशाण, लुंडची टांकसाळ

१०४६ च्या आसपास दोन मित्र डेन्मार्कच्या किनाऱ्यावर लूटमार करत फिरत होते. रात्री पीत बसले असताना एकाने दुसऱ्याला सहज विचारलं, की तुझ्याजवळ एवढं धन आहे, त्यातली सगळ्यात मोलाची वस्तू कोणती? विचारणारा स्वेन एस्ट्रिडसेन, डेन्मार्कच्या गादीवर हक्क सांगणारा. उत्तर देणारा हाराल्ड, ज्याला पुढे जग ‘हार्ड्राडा’ म्हणजे कठोर शासन करणारा म्हणून ओळखू लागलं, आणि जो नुकताच कॉन्स्टँटिनोपलहून सोन्याने भरलेली जहाजं घेऊन परतला होता. उत्तर सोन्याचं नव्हतं. हाराल्ड म्हणाला, माझं निशाण. ते ज्याच्यापुढे चालतं तो जिंकतो. स्वेन हसला असावा. तो म्हणाला, तुझ्या पुतण्याशी, माग्नुसशी, तीन लढाया कर आणि तिन्ही जिंक, मग मी मानेन. माग्नुस म्हणजे हाराल्डच्या सावत्र भावाचा मुलगा, त्या वेळचा नॉर्वेचा आणि डेन्मार्कचा राजा, दोघांचा समान शत्रू. हाराल्डला ते लागलं. माझं आणि माग्नुसचं नातं काय आहे ते मला ठाऊक आहे, तू आठवण करून द्यायची गरज नाही, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला आणि मैफल बिघडली. त्या रात्री हाराल्ड जहाजावरच्या आपल्या नेहमीच्या जागी झोपला नाही, पांघरुणाखाली लाकडाचा ओंडका ठेवून दुसरीकडे गेला. पहाटे ओंडक्यात कुऱ्हाड रुतलेली सापडली. तिथून तो थेट माग्नुसकडे गेला.

ही कथा आइसलँडमधल्या सागांत, म्हणजे जुन्या गद्य वीरकथांत, येते आणि त्या लिहिल्या गेल्या तेराव्या शतकात, म्हणजे घटनेनंतर पावणेदोनशे-दोनशे वर्षांनी. मित्राला सोडून शत्रूला मिळणाऱ्या माणसाला एक कुऱ्हाड लागतेच. ओंडक्याचा भाग मला तरी सरळसरळ सबब वाटतो. पण निशाणाचा प्रश्न डोक्यातून जात नाही. कारण त्यानंतर काही वर्षांतच, ज्याने ते निशाण थट्टेवारी नेलं त्या स्वेनच्या स्वतःच्या, तेव्हाच्या डेन्मार्कमधल्या लुंड शहरातल्या टांकसाळीत एक चांदीचं नाणं पाडलं गेलं, आणि त्या नाण्यावर दोन आकृत्या उभ्या आहेत. एक राजा. एक पंख असलेला देवदूत. दोघांच्या मधे एक निशाण.

नाणं अगदी लहान आहे. व्यास सतरा-अठरा मिलिमीटर, वजन सुमारे एक ग्रॅम, जाडी एवढी कमी की मागच्या बाजूचा क्रूस कधी कधी पुढच्या बाजूवर हलक्या उंचवट्यासारखा जाणवतो. मागे क्रूस आणि त्याच्याभोवती टांकसाळीच्या कारभाऱ्याचं नाव, मग ‘ऑन’, मग लुंड. अमुक, लुंड येथे. ही पद्धत इंग्लंडची, इंग्लंड आणि डेन्मार्क दोन्हींवर राज्य करणाऱ्या कनूट राजाच्या काळात उत्तर समुद्र ओलांडून आलेली. पुढची बाजू मात्र इंग्लंडहून आलेली नाही, जर्मनीहूनही नाही. ती आली आहे ग्रीसमधून.

नेमकं सांगायचं तर थेस्सालोनिकीहून.

बायझंटाइन सम्राट मिखाएल चौथा याच्या नावाचं एक सोन्याचं नाणं आहे, हिस्टामेनॉन. त्या काळात ते अजून जवळजवळ सपाट होतं. वाटीसारखी खोलगट सोन्याची नाणी नंतरची. वजन सुमारे ४.४ ग्रॅम, व्यास पंचवीस मिलिमीटरच्या आसपास. एका बाजूला सिंहासनावर बसलेला ख्रिस्त, दुसऱ्या बाजूला सम्राट आणि देवदूत मिखाएल शेजारी उभे, आणि दोघांनी मिळून धरलेलं ‘लाबारुम’, म्हणजे कॉन्स्टंटाइनच्या काळापासून सम्राटाच्या विजयाची खूण मानलेलं लष्करी निशाण. मिखाएलच्या नेहमीच्या सोन्याच्या नाण्यावर सम्राट एकटा असतो. हे देवदूताचं नाणं वेगळं आणि अतिशय दुर्मीळ. नाणेतज्ज्ञ ते राजधानीतलं मानत नाहीत, १०४१ मध्ये थेस्सालोनिकीत एका मोहिमेसाठी पाडलेलं मानतात. मोहीम होती बल्गेरियनांच्या बंडाविरुद्ध. १०४० मध्ये पीटर डेल्यान नावाच्या माणसाने बंड उभारलं, सैन्य थेस्सालोनिकीच्या वेशीपर्यंत आलं, शहर कसंबसं टिकलं. सम्राट मिखाएल तेव्हा जलोदराने सुजलेला होता, फेफऱ्याचा आजार तर आधीपासूनच होता, तरी पुढल्या वर्षी तो स्वतः घोड्यावर बसून मोहिमेवर गेला. बंड मोडलं, विजयाची मिरवणूक निघाली, आणि १० डिसेंबर १०४१ रोजी तो मेला. आपलं नाव असलेल्या देवदूताच्या शेजारी उभा राहणारा हा आजारी सम्राट सराफी पेढीच्या घरातून आलेला होता. शतकानुशतकं टिकलेल्या बायझंटाइन सोन्यात हीण मिसळायला सुरुवात झाली तीही त्याच्याच काळात. हा योगायोग इतिहासकारांनी फार मजेने नोंदवला आहे.

त्या मोहिमेत उत्तरेकडचे भाडोत्री सैनिक होते आणि त्यांच्यात हाराल्ड होता. याला फक्त सागांचा आधार नाही. त्याच्या दरबारी कवीने त्याला ‘बल्गारांना जाळणारा’ म्हटलं आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अकराव्या शतकातल्या एका बायझंटाइन लेखकाने ‘आराल्टेस’ नावाच्या राजपुत्राची आठवण लिहून ठेवली आहे: पाचशे शूर माणसं घेऊन आला, सिसिलीत लढला, मग सम्राटाबरोबर बल्गेरियात लढला आणि त्याला ‘स्पाथारोकान्दिदातोस’ ही पदवी मिळाली. पदवी तशी मधल्या दर्जाचीच. सागांमधला हाराल्ड राजवाडे लुटतो, राण्यांना भुरळ घालतो, सम्राटाचे डोळे काढतो. ग्रीक कागदावरचा हाराल्ड बऱ्यापैकी पदावर समाधानी असलेला, परवानगी न मिळाल्याने गुपचूप निघून गेलेला, आणि मायदेशी राजा झाल्यावरही पूर्वीच्या मालकांशी मैत्री राखणारा माणूस आहे. मला दुसरा जास्त खरा वाटतो. पण दोन्हींत एक गोष्ट समान आहे. त्याला पगार मिळत होता, आणि मोहिमेवरच्या सैन्याचा पगार मोहिमेसाठी पाडलेल्या नाण्यातच होतो. ब्रिटिश नाणेतज्ज्ञ फिलिप ग्रिअर्सन यांनी १९६६ मध्ये याच धाग्याला धरून मांडणी केली: एवढं दुर्मीळ, एका वर्षाचं, एका शहराचं सोन्याचं नाणं लुंडच्या ठसे कोरणाऱ्यापुढे यायला हाराल्डची शिदोरीच कारण असली पाहिजे.

आता ठसे कोरणाऱ्याच्या बाजूने पाहू. मला या सगळ्या प्रकरणातला तोच माणूस सर्वात जवळचा वाटतो. त्याच्यासमोर पंचवीस मिलिमीटरचं चित्र आहे आणि ते सतरा-अठरा मिलिमीटरमध्ये बसवायचं आहे, तेही भोवती अक्षरांची एक रांग सोडून. म्हणजे चित्राला उरतात जेमतेम दहा-अकरा मिलिमीटर. बायझंटाइन कोरक्याने सम्राटाच्या अंगावर ‘लोरोस’ दाखवलेला असतो, रत्नं जडवलेला लांबलचक पट्टा, जो छातीवरून आडवा जाऊन हातावर पडतो. लुंडच्या कारागिराने तो वेश कधी पाहिलेला नाही. त्याला दिसतात ठिपक्यांच्या रांगा. मग तो ठिपके देतो. त्याची हत्यारंही मुक्त रेषा काढायची नव्हती. त्या काळचा ठसा बराचसा छोट्या पंचांनी घडे. एक चंद्रकोरीचा पंच, एक पाचरीचा, एक सरळ पट्टीचा, एक टिंबाचा. क्रूस, अक्षरं, मुकुट, सगळं याच चार-पाच आकारांच्या जुळवणीतून निघायचं. ‘आर’ हे अक्षर म्हणजे एक पट्टी, एक कोर, एक पाचर. त्याच हत्यारांनी पंख काढायचे म्हणजे पाचरी एकाखाली एक ठोकायच्या. अशा पंखांत पिसांचा मऊपणा येत नाही.

शिवाय ठसा उलटा असतो. नाण्यावर जे उजवीकडे हवं ते ठशात डावीकडे कोरायला हवं. नमुन्याकडे पाहत तसंच्या तसं कोरलं तर ठोकल्यावर आकृत्यांची अदलाबदल होते, देवदूताच्या जागी राजा आणि राजाच्या जागी देवदूत. लॅटिन अक्षरं उलटी कोरायची सवय या कारागिरांना पिढीजात होती, म्हणून नावं सहसा नीट येतात. परक्या चित्राची तशी सवय नसते. परक्या नमुन्यावरून पाडलेलं कोणतंही मध्ययुगीन नाणं हातात आलं तर आधी ही अदलाबदल तपासावी. कोरणाऱ्यासमोर मूळ नाणं होतं की त्याची आधीची नक्कल, याचा अंदाज कधी कधी त्यावरून येतो. दुसरी खूण अक्षरांची. मूळ ग्रीक मजकुराचे अवशेष म्हणून उभ्या रेघा आणि वर्तुळं उरली असतील तर कोरणारा वाचत नव्हता, नुसता बघत होता.

नाणं पाडायची रीत सांगायला सोपी, करायला त्रासाची. चांदी आधी शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या मुशीत वितळवून शुद्ध करायची, शिसं राखेत मुरतं आणि चांदी वर राहते. अगदी शुद्ध चांदी मऊ पडते म्हणून त्यात थोडं तांबं. मग पट्ट्या ओतायच्या, ऐरणीवर ठोकून पत्रा करायचा. ठोकताना धातू कडक होत जातो, म्हणून मधे मधे लालसर तापवून विझवावा लागतो. हे टाळलं तर पुढे नाण्याच्या कडेला चिरा जातात. पत्रा तयार झाला की कातरीने चकत्या कापायच्या, तोलायच्या, जड असेल तर कडेची चांदी कातरायची. खालच्या ठशाला टोकदार शेपूट असतं, ते लाकडी ठोकळ्यात रोवलेलं. त्यावर चकती, चकतीवर हाताने धरलेला वरचा ठसा आणि त्यावर घणाचा घाव. मार थेट वरच्या ठशावर बसतो, म्हणून तो आधी फुटतो. खालचा जास्त टिकतो. त्यामुळे मेहनतीचं चित्र, राजाची बाजू, खालच्या ठशावर आणि साधा क्रूस वरच्यावर अशी वाटणी शहाणपणाची. एक खालचा ठसा आयुष्यभरात दोन-तीन वरचे ठसे संपवतो. हेच आपल्याला पुढे उपयोगी पडतं.

आता बिघडतं कुठे? या नाण्याचा आराखडाच अडचणीचा आहे. पुढच्या बाजूला दोन आकृत्यांच्या दोन खोल खाचा, मागच्या बाजूला क्रूसाचे खोल हात. एक ग्रॅमच्या चकतीत दोन्हीकडचे खड्डे एकाच वेळी भरण्याइतका धातू नसतो. जिथे चेहरा आणि क्रूसाचा हात समोरासमोर येतात तिथे दोन्ही अर्धवट उठतात. म्हणून चांगल्या अवस्थेतल्या नाण्यावरही राजाचा चेहरा सपाट दिसतो आणि विकत घेणारा तो झिजलेला समजतो. झीज आणि अपुरा घाव यांतला फरक सोपा आहे: झिजलेल्या नाण्यावर सगळ्यात उंच भाग गुळगुळीत आणि चकचकीत होतात, अपुऱ्या घावात तिथे पत्र्याचा मूळ खरखरीतपणा शिल्लक असतो. दुसरी गफलत दुहेरी घावाची. पहिल्या घावाने चकती उसळून किंचित फिरते आणि दुसरा घाव थोडा सरकून बसतो, मग देवदूताला चार पंख येतात. चकती मधोमध नसेल तर देवदूत अर्धा बाहेर जातो आणि राजा एकटाच निशाण धरून उभा राहतो. आणि कधी चकती ठेवायलाच विसरले तर ठसे एकमेकांवर आपटतात. त्यानंतरच्या प्रत्येक नाण्यावर देवदूताच्या मागे क्रूसाची फिकट सावली दिसत राहते.

आता स्वेनला हे चित्र का हवं झालं असेल ते पाहू. त्याचा दावा तसा लंगडा होता. बाप उल्फ सरदार, राजा नव्हे. आई एस्ट्रिड ही मात्र कनूटची बहीण, म्हणून तो बापाच्या नावाने नाही तर आईच्या नावाने ओळखला गेला. १०४२ मध्ये कनूटचा मुलगा हार्थाकनूट लंडनजवळ लॅम्बेथला एका लग्नाच्या मेजवानीत पीत असताना कोसळून मेला. त्याआधी त्याने माग्नुसशी योता नदीवर करार केलेला होता, की आधी मरेल त्याचं राज्य मागे उरलेल्याला. त्यामुळे डेन्मार्क माग्नुसकडे गेलं. स्वेन त्याचा सरदार झाला, मग फिरला, विबोर्गला स्वतःला राजा म्हणवून घेतलं, हरला, स्वीडनला पळाला, परत आला, परत हरला. माग्नुसकडे मात्र सर्व काही होतं: संत ठरलेला बाप, करार, आणि १०४३ मध्ये ल्युर्सकोव्ह माळावर वेंडांचा, म्हणजे बाल्टिक किनाऱ्यावरच्या स्लाव टोळ्यांचा, पाडलेला फडशा. अशा माणसासमोर आईकडून आलेला हक्क घेऊन उभ्या राहणाऱ्याला स्वर्गातून हाती दिलेलं निशाण फार उपयोगाचं. मूळ सोन्याच्या नाण्यावर देवदूत सम्राटाचा नामधारक होता. लुंडला आल्यावर तो संबंध सुटला. आता तो नुसता देवदूत, आणि तो स्वेनच्या शेजारी उभा आहे.

मग सोनं लुंडला पोचलं कसं? दोन वाटा मला विचारात घेण्याजोग्या वाटतात. पहिली मैत्रीची. १०४५-४६ मध्ये हाराल्ड आणि स्वेन एकत्र होते, जहाजांचा आणि माणसांचा खर्च कोणाच्या पैशातून चालला असेल ते सांगायला नको. दुसरी माग्नुसची. हाराल्ड त्याच्याकडे गेला तेव्हा सौदा असा झाला, की अर्ध्या नॉर्वेच्या बदल्यात अर्धा खजिना. सागांत याचं वर्णन फार रंगवलं आहे: बैलाचं मोठं कातडं जमिनीवर पसरलं, सोन्याच्या पेट्या त्यावर रिकाम्या केल्या, तराजू आणले आणि तोलून दोन ढीग केले. मग हाराल्डने विचारलं, तुझ्याकडचं सोनं कुठे आहे? माग्नुसने हातातलं एकच कडं काढलं. इतक्या लढाया आणि मोहिमा झाल्या की होतं नव्हतं ते संपलं, हे एवढंच उरलं, म्हणाला. हाराल्डने ते कडं फिरवून पाहिलं आणि म्हणाला, दोन राज्यांच्या धन्याकडे एवढंच? आणि हेही तुझंच आहे का याबद्दल शंका घेणारे निघतील. माग्नुस म्हणाला, बापाने दिलेलं माझं नसेल तर दुसरं काय माझं आहे? हाराल्ड हसला: तुझ्या बापाने ते माझ्या बापाकडून फार क्षुल्लक कारणावरून घेतलं होतं.

कडं बाजूला ठेवू. यातलं खरं कामाचं वाक्य आहे ते तिजोरी रिकामी असल्याचं. रिकाम्या तिजोरीत सोनं आलं की ते पडून राहत नाही. माणसांचे पगार थकलेले असतात. १०४७ मध्ये माग्नुस आणि हाराल्ड दोघेही सैन्य घेऊन डेन्मार्कमध्ये होते. म्हणजे थेस्सालोनिकीचं सोनं नॉर्वेजियन सैनिकांच्या कमरेला डेन्मार्कच्या बाजारात, बंदरात, घोड्यांच्या आणि धान्याच्या किमतीत उतरलं. आणि मग २५ ऑक्टोबरला माग्नुस तिथेच मेला. हाराल्डला विबोर्गला जाऊन डेन्मार्कचं राज्य घ्यायचं होतं, पण जुने सरदार माग्नुसचं शव घेऊन घरी निघाले आणि निम्मं सैन्य त्यांच्याबरोबर गेलं. देश आणि टांकसाळी स्वेनला विनासायास मिळाल्या. बाजारात उतरलेलं सोनंही मागेच राहिलं. माझं मत या दुसऱ्या वाटेकडे झुकतं, कारण तिला कमी योगायोग लागतात. सगळे जण या नाण्याला हाराल्डची खूण म्हणतात. ते खरं असलं तरी ती हाराल्डच्या पराक्रमाची खूण नाही, त्याने अर्ध्या राज्यासाठी मोजलेल्या किमतीची आहे. सोनं त्याने आणलं, आणि ठसा ज्याच्या हातात टांकसाळ होती त्याने उमटवला.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. हाराल्डच्या सोन्याचा एवढा डंका आहे, पण उत्तरेकडे अकराव्या शतकातली बायझंटाइन सोन्याची नाणी प्रत्यक्षात फार थोडी सापडली आहेत. सोनं तोललं जातं, तुटतं, वितळतं, अंगठ्या आणि कडी होतं. त्या पगाराचं रूप शिल्लक राहिलं ते या चांदीच्या नकलेत.

दुर्मीळ म्हणजे किती, हे मोजायची एक पद्धत आहे आणि ती मोजदादीची नाही, ठशांची आहे. मिळालेली सगळी नाणी मोठ्या छायाचित्रांत शेजारी ठेवायची आणि कोणती दोन एकाच ठशातून निघाली ते पाहायचं: एखाद्या अक्षराचा कलंडलेला पाय, पंखाजवळची बारीक चीर, निशाणाच्या काठीवरचं जास्तीचं टिंब. वीस नाणी वीस वेगवेगळ्या ठशांची निघाली तर आपल्यासमोर न आलेले ठसे अजून खूप आहेत, नाणं मुळात भरपूर पाडलेलं होतं. वीसही नाणी तीन-चार ठशांतच बसली तर जवळजवळ सगळे ठसे आपल्याला सापडलेत आणि नाणं मुळातच थोडं होतं. ठशावरची चीर एका नाण्यापासून दुसऱ्यापर्यंत वाढत जाते, त्यावरून कोणतं आधीचं तेही कळतं. ठसे जुळवताना एक सवय फार उपयोगी पडते: दोन्ही चित्रांवर प्रकाश एकाच दिशेने पडलेला हवा. प्रकाश उलटा असेल तर एकच ठसा दोन वेगळ्या कारागिरांचा वाटतो.

हातात खरं नाणं आलं तर त्याला वाकवून बघण्याचा मोह टाळायचा. हजार वर्षं मातीत राहिलेली चांदी आतून कणाकणांत विभागलेली असते आणि काचेसारखी तुटते. त्या काळचे लोक मात्र खुशाल वाकवून, कडेवर सुरीच्या टोकाने टोचून चांदी तपासत. अशा टोचण्या दिसल्या तर ते नुकसान समजू नये. नाण्यावरच्या राजापेक्षा हातातल्या चांदीवर ज्यांचा भरवसा होता त्यांच्या त्या खुणा आहेत. काळपट जांभळा थर लिंबू, सोडा, टूथपेस्ट यांनी घासला तर अक्षरांच्या कडा जातात आणि त्या परत येत नाहीत. वजन आणि व्यास बरोबर असूनही कडेवर बारीक शिवण किंवा पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे गोल बुडबुड्यांचे खड्डे दिसले तर ते ओतीव आहे. ठोकलेल्या नाण्यावर धातू मध्यापासून कडेकडे वाहिल्याच्या बारीक रेषा हव्यात. डेन्मार्कमध्ये जमिनीत असं काही सापडलं तर ते ‘दानेफे’ ठरतं, राजाचं म्हणजे आता सरकारचं. ही तरतूद १२४१ च्या युटलंडच्या कायद्यापर्यंत मागे जाते, आणि राष्ट्रीय संग्रहालय सापडवणाऱ्याला बक्षीस देतं. त्यामुळे धातुशोधक घेऊन शेतात फिरणारे तिथे पुरातत्त्वाचे मित्र आहेत. पण लुंड आता डेन्मार्कमध्ये नाही. १६५८ च्या रोस्किल्डच्या तहाने तो सगळा मुलूख स्वीडनला गेला, आणि स्वीडनमध्ये परवानगीशिवाय धातुशोधक चालवताच येत नाही. एकाच राजाची नाणी, सामुद्रधुनीच्या दोन काठांवर दोन वेगळे कायदे.

बाकी भांडण सतरा वर्षं चाललं आणि त्यातून कोणालाच काही मिळालं नाही. हाराल्ड जवळजवळ दर उन्हाळ्यात यायचा, जाळायचा, निघून जायचा. १०५० च्या सुमारास त्याने हेडेबीसारखी व्यापारपेठ जाळली. स्वेन लढाया हरत राहिला आणि राज्य मात्र हरला नाही, हे त्याचं कसब. ९ ऑगस्ट १०६२ रोजी निसो नदीच्या मुखाशी रात्रभर चाललेल्या आरमारी लढाईत त्याची जहाजं रिकामी झाली आणि तो वेश पालटून पळाला. एका शेतकऱ्याच्या घरी जेवायच्या आधी हात धुऊन त्याने पंचा मधोमध धरून पुसला. घरची बाई खवळली: काय ही रीत, सबंध पंचा ओला करायचा! वर बोलता बोलता हेही म्हणाली, की आमचा राजा लंगडा तर आहेच, भित्राही आहे. स्वेनने सगळं ऐकून घेतलं. पुढे त्या शेतकऱ्याला त्याने जमीन दिली म्हणतात, पण बायको तिथे न्यायची नाही या अटीवर. १०६४ मध्ये पुन्हा योता नदीवरच तह झाला: ज्याचं त्याच्याकडे, नुकसानभरपाई कोणालाच नाही. दोन वर्षांनी हाराल्ड इंग्लंडमध्ये स्टॅमफर्ड ब्रिजला पडला. स्वेन पुढे दहा-एक वर्षं जगला आणि त्याचे पाच मुलगे एकामागून एक राजे झाले.

लुंडच्या टांकसाळीतही १०६५ च्या सुमारास बदल झाला. कारभाऱ्यांची नावं लॅटिन अक्षरांऐवजी रुन या उत्तरेकडच्या जुन्या लिपीत येऊ लागली, ती पुढे दहा-एक वर्षं तशीच राहिली. बाजारातून परकी नाणी काढून घेऊन फक्त राजाचं नाणं चालवण्याचा प्रयत्नही याच काळातला. तहानंतर लगेच हे झालं म्हणून दोन्हींची सांगड घालायचा मोह होतो, पण शांतता असली की टांकसाळीला कारभार करायला उसंत मिळते, एवढं पुरेसं कारण आहे.

हाराल्डने नॉर्वेत काय केलं तेही याच्या शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे. नॉर्वेत राजाचं नाणं नियमितपणे पाडायला सुरुवात त्याने केली. सुरुवातीला चांदी चांगली होती, मग खर्च वाढत गेला आणि त्याच्या शेवटच्या काळात नाण्यात चांदी उरली सुमारे एक तृतीयांश, बाकी तांबं. सोन्यात हीण घालणाऱ्या सम्राटाच्या पदरी राहिलेला माणूस हे तिथेच शिकला, असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. लोक त्या नाण्याला ‘हाराल्डची ठोक’ म्हणायचे, आणि त्यात कौतुक नव्हतं. एकदा नाताळात, आठव्या दिवशी, दरबारात पगार वाटला गेला. हाल्दोर नावाचा एक आइसलँडर होता, कॉन्स्टँटिनोपलपासून हाराल्डबरोबर राहिलेला. त्याने आपला पगार अंगरख्याच्या सोग्यात घेतला, बघितला आणि हाताने खालच्या पेंढ्यात झटकून दिला. मध्यस्थाने विचारलं तेव्हा म्हणाला, चोख पगार मिळत नसेल तर या राजाची चाकरी कशाला करू? राजा आधी चिडला, बाकीच्यांना चालतं ते याला का चालत नाही म्हणाला. शेवटी हाल्दोरला त्या नाण्यांच्या बदल्यात शुद्ध चांदी तोलून दिली गेली.